सहा मीटरवरची कुजबूज

बिश्केक, ३ मार्च २००३

मामा,

बरे आहात ना? मामी, मेंढ्या, घोडी, मामीचे गुडघे, सगळं ठीक? झाली विचारपूस. नाहीतर म्हणाल, शहरात जाऊन पोरगी रीतभात विसरली.

तीनदा पोस्टात फोन केला. तिन्ही वेळा तुम्ही "हो हो, बरं बरं, मामीला सांगतो" म्हणून ठेवून दिलात. मी काय विचारत होते ते तरी कळलं का? म्हणून हे पत्र, ताश्तानच्या मिनीबसनं. सोबतचं खोकं त्याच्याकडून मागून घ्या, नाहीतर तो ते आठवडाभर सीटखाली घेऊन फिरेल.

तुमची भाची आता कान-नाक-घशाची नुसती डॉक्टर नाही, संशोधक झालीय. हसू नका. डोंगरातल्या किती मुलांचे कान वाहतात, किती जणांच्या पडद्याला भोक आहे, किती जणांना कमी ऐकू येतं, हे आजवर कोणी धड मोजलेलंच नाही. प्रत्येक गावानं वर्षानुवर्षं "सर्व ठीक" असं लिहून पाठवलं, आणि वर सगळ्यांनी ते खरं मानलं. आमच्या विभागानं आता आठ गावं घेतलीत. त्यातलं कोक-बेल मी भांडून घेतलं, कारण तिथला दवाखाना तुमच्या हातात आहे.

खोक्यात कानात बघायची दुर्बीण आणि अडीचशे कार्डं आहेत. ऐकू येण्याचं मोजायचं यंत्र अख्ख्या विभागात एकच आहे, तेही बिघडलेलं. तेव्हा आपली जुनी कुजबुजीची पद्धत. मूल कडेनं उभं करायचं, म्हणजे तोंड दिसणार नाही. दुसऱ्या कानात बोट. सहा मीटरवरून आकडे कुजबुजायचे. ऐकू आलं नाही तर एकेक मीटर पुढे यायचं.

आता महत्त्वाचं. ऑगस्टमध्ये शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचं पथक दहा दिवस नारिनला येतंय. चाळीस मुलांच्या कानांना पडदे बसवणार. चाळीस कोण, ते आमच्या कार्डांवरून ठरेल. कान वाहतोय आणि दोन मीटरच्या आत आल्याशिवाय कुजबूज ऐकू येत नाही, अशी मुलं आधी. म्हणून नीट करा हं.

तुमची
बेगायिम

—

कोक-बेल, २८ मार्च

चिरंजीव संशोधक बाईंना,

खोकं मिळालं. ताश्ताननं त्यावर बसून नारिनपासून प्रवास केला, तरी दुर्बीण शाबूत आहे.

फोनचं म्हणशील तर आमच्या पोस्टातली लाइन म्हणजे नुसती खरखर. माणसाचा आवाज येतच नाही. पत्रच लिहीत जा. पत्र पुन्हा पुन्हा वाचता येतं, आणि तुझं अक्षर पाहता तसं वाचावंही लागतं.

आणि कुजबूज कशी करायची ते मला शिकवतेस? अगं, तू पाळण्यात होतीस तेव्हा मी पोरांचे कान तपासत होतो! आधी श्वास सोडायचा, मग छातीत उरलेल्या हवेवर आकडा म्हणायचा. चौतीस वर्षं या गावाचा डॉक्टर मीच आहे. डॉक्टरीचा कागद नाही, पण म्हणून कोणाचं अडलंय? अर्धं गाव माझ्या हातावर जन्मलंय.

नवरोजचा सण आत्ताच उरकला, आता सुरू करतो. मुलांच्या कानात बोट घालायला तुझी मामी आहेच. ती दवाखाना झाडते म्हणून तिला वाटतं, दवाखाना तीच चालवते.

तुझा मामा
एसेनकुल

—

कोक-बेल, ५ मे

बेगायिम,

दोनशे चौदा मुलं झाली. कार्डं सोबत. एकतीस जणांचे कान वाहतात, बहुतेकांच्या पडद्याला भोकं. घरोघर मेंढीची चरबी गरम करून ओतलेली, ती काढता काढता माझी कंबर गेली. पण ऐकू येण्याचं म्हणशील तर आपलं गाव सोनं आहे, पोरी! एकूण एक मुलानं सहा मीटरवरून आकडे बरोबर सांगितले. एकूण एक! बघ म्हणावं तुमच्या शहरातल्या पोरांना.

एकच गंमत सांगतो. धनगर कुबातची नऊ वर्षांची सेझिम आहे ना, तिचे दोन्ही कान वाहतात. तिची आई कुलुयपा रडत आली, पोरगी हाकेला ओ देत नाही, कोकरं आत घे म्हटलं तर ढिम्म उभी राहते. शाळेतली बाई तिला दगड म्हणते. मी कार्ड काढून दाखवलं. म्हटलं, "हे बघ, सहा मीटर! ऐकू येतं तिला, ऐकायचं नसतं. लाड बंद कर, दोन फटके दे, कान आपोआप उघडतील."

मग गेल्या रविवारी त्यांच्याकडेच बारसं होतं. मेंढीचं डोकं माझ्यापुढे ठेवलं, मानाचं. मी कान कापला आणि सेझिमला बोलावून सगळ्यांसमोर तिच्या हातात दिला, "घे, खा, आणि आईचं ऐकत जा." एरवी कोणत्याही मुलाला देतात तसाच दिला, पण सगळ्यांना कळलं काय ते. माणसं हसून हसून लोळली. पोरीनं मान खाली घालून खाल्ला. आता सुधारेल.

मामी तुझ्यासाठी वाळवलेलं दही पाठवतेय. ताश्तानला मोजून दिलंय, कमी भरलं तर कळव.

मामा

—

बिश्केक, २ जून

मामा, मामा, मामा!

तुम्हाला कल्पना नाही तुम्ही काय केलंत. बाकी सातही गावांत ज्यांचे कान वाहतात त्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांना कमी ऐकू येतं. आणि कोक-बेलमध्ये एकालाही नाही! आमच्या सरांनी तक्ता पाहिला आणि चष्मा काढून पुसला. ते म्हणाले, तुमचं गाव सगळ्यांत उंचावर, तर विरळ हवेत वाढलेल्या मुलांचा कान पडदा फाटला तरी ऐकत असणार. हे कोणीच लिहिलेलं नाही. जूनअखेर अल्माटीच्या परिषदेत मी यावर बोलणार आहे. मी! त्यावरच माझी विभागातली कायम जागा ठरेल, असंही सर म्हणाले.

अर्थात यामुळे ऑगस्टच्या यादीत कोक-बेलचं एकही मूल नाही. पण ही चांगलीच बातमी, नाही का?

फक्त त्या सेझिमचं कार्ड हातात घेतलं की मी अडते. दोन्ही पडद्यांत एवढी भोकं आणि तरी सहा मीटर? एकदा पुन्हा बघाल का? किंवा राहू द्या, बुधवारी मजकूर द्यायचाय, तोवर तुमचं उत्तर येणार नाही. तुम्ही केलंय म्हणजे बरोबरच असणार.

दही पुरतं पोचलं. विभागात सगळ्यांनी खाल्लं.

बेगायिम

—

कोक-बेल, २० जून

बेगायिम,

पुन्हा बघायचं? का? चौतीस वर्षांत मला कोणी "पुन्हा बघा" म्हटलेलं नाही. तुझ्या आईचा अपेंडिक्स मी ओळखला, नारिनच्या डॉक्टरांनी नव्हे. भाचीनं मामावर संशय घ्यावा, हे नवीनच शास्त्र दिसतंय.

अल्माटीत छान बोल. पाठीचा कणा ताठ ठेव.

मामा

—

कोक-बेल, १९ ऑगस्ट

पोरी बेगायिम,

हे पत्र मी लिहितेय, तुझी मामी. त्यांना माहीत नाही. अक्षर वाईट आहे, चालवून घे.

सेझिमला वरच्या कुरणावर ताप भरला. कानामागं एवढी गाठ आली की कान पुढे आला. कुलुयपानं तिला घोड्यावर पुढ्यात घेऊन खाली आणलं, मग मालट्रकनं नारिनला नेलं. नशीब, तुमचं ते पथक तिथंच होतं. हाड फोडून पू काढला. जीव वाचला. उजवा कान मात्र गेला, कायमचा. डावा अजून वाचेल म्हणाले, पण तो बरा व्हायला दोन-तीन महिने जातील, आणि तोवर पथक निघून जाणार. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ही मुलगी आमच्या यादीत का नव्हती? कुलुयपानं सांगितलं, आमचे डॉक्टर म्हणाले हिला सगळं ऐकू येतं.

आता मी सांगते ते ऐक. तुझ्या मामांना ऐकू येत नाही. आज नाही, सहा-सात वर्षं झाली. सैन्यात तोफेपाशी होते तिथपासून कमी होतं, आता फारच. पोस्टातली लाइन चांगली आहे गं. शेजारचा ताश्तान गावात असला की नारिनला राहणाऱ्या बायकोशी रोज त्यावर भांडतो.

कोणी बोललं की ते तोंडाकडे बघतात, आणि मागून मी तेच जोरात बोलते, जणू मलाच बोलायची हौस. गाव मला बडबडी म्हणतं. म्हणू दे.

आणि ती कुजबूज! स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येईपर्यंत त्यांना वाटतं, आवाज निघालाच नाही. ते "सत्तावीस" कुजबुजले की बाहेर बांधलेली घोडी कान टवकारायची. अंगणात रांगेत उभी असलेली पोरं तोंडावर हात ठेवून हसायची. आणि मी त्यांच्या कानात बोट घालून गप्प उभी होते. दोनशे चौदा वेळा गप्प उभी होते, पोरी. नवऱ्याची अब्रू झाकत होते. सेझिमच्या कानातली घाण माझ्याच बोटाला लागली होती, आणि तरी मी बोलले नाही.

मला देवासमोर जायचंय. तिकडे मी काय सांगू?

मामी

—

बिश्केक, ३० ऑगस्ट

मामा,

हे पत्र लिहायला आठवडा लागला. मामीनं मला सगळं लिहून कळवलंय, तिच्यावर रागावू नका. रागवायचंच तर आधी माझं ऐका.

अल्माटीत माझं बोलणं संपलं, टाळ्या झाल्या. मागच्या रांगेतून एक म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई उठल्या आणि म्हणाल्या, "छान. पण मुली, त्या गावात कुजबुजलं कोण? तू त्याला कुजबुजताना ऐकलंस का?" मी म्हणाले, "ते माझे मामा आहेत." सभागृह हसलं, मीही हसले. त्या हसल्या नाहीत.

मला तेव्हाच कळलं होतं. खरं सांगू? त्याच्याही आधी. गेल्या शरदात दादाच्या लग्नात मी तुमच्या पाठीमागं उभी राहून तीन हाका मारल्या. तुम्ही वळला नाहीत. मामीनं तुमची बाही ओढली तेव्हा वळलात आणि म्हणालात, "गाण्याचा केवढा गोंगाट!" गाणं थांबलेलं होतं, मामा. मी कानाची डॉक्टर. दुसरं कोणी असतं तर मी हात धरून दवाखान्यात नेलं असतं. पण तुम्हाला कसं विचारायचं? तुमच्यासारख्या माणसाला "ऐकू येतं का" असं विचारणंच किती लाजिरवाणं. म्हणून विचारलं नाही. आणि मग तुमचेच आकडे हातात आले, ते इतके सुंदर होते की विचारायचं राहिलंच. "पुन्हा बघाल का" लिहिलं आणि त्याच ओळीत खोडून टाकलं. जूनपासून तुम्हाला पत्र नाही लिहिलं ते कामामुळे नव्हे. लाज वाटत होती.

आता ऐका. पथकातल्या दोन डॉक्टरीणबाई नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत बिश्केकला आहेत. आणखी दहा मुलांचे कान करतील. त्यात सेझिमला, आणि तिच्यासारखी जी असतील त्यांना, जागा मिळवायची तर आधी आमच्या कागदावर चुकीचं लिहिलंय हे मला म्हणावं लागेल. ते मी म्हणेन. पण नवी कार्डं हवीत. एकतीसच्या एकतीस. आणि कुजबुजणारं माणूस दुसरं हवं.

मामा, हे तुम्हाला गावात सर्वांसमोर सांगावं लागेल. मी सांगू शकत नाही.

बेगायिम

—

कोक-बेल, १४ सप्टेंबर

बेगायिम,

कार्डं सोबत आहेत. एकतीसपैकी एकोणीस जणांना दोन मीटरच्या आत. सेझिमला डाव्या कानानं, अगदी जवळ जाऊन. उजव्या कानाच्या जागी मी रेघ मारलीय.

शाळेतल्या मिर्गुलबाई कुजबुजल्या. त्या मूळ नारिनच्या, हळू बोलायची सवय. मी खुर्चीवर बसून बघत होतो. त्यांचे ओठ हलत होते आणि पोरं नुसती उभी. एकामागून एक. नऊ पोरं झाल्यावर बाईंनीच रडायला सुरुवात केली. याच पोरांना त्या वर्षभर दगड म्हणत होत्या.

सुरू करण्याआधी मी शाळेच्या अंगणात सगळ्या आईबापांना सांगितलं. तू म्हणालीस म्हणून नव्हे. तुझ्या पत्रानंतर चार दिवस मी मामीशी बोललो नाही, पाचव्या दिवशी ती म्हणाली, "बोला किंवा नका बोलू, तुम्हाला काय ऐकू येणार आहे?" तीस वर्षांत ती असं बोलली नव्हती. मी टोपी काढली आणि सांगितलं, मला ऐकू येत नाही, मी तुमच्या पोरांना ओरडून विचारलं आणि कुजबुजलो असं लिहिलं.

कोणी काही बोललं नाही. किंवा बोलले असतील.

आता जे तिथं सांगितलं नाही ते तुला सांगतो. मी छातीला नळी लावतो ना, तेव्हाही मला काही ऐकू येत नाही. गेली चार-पाच वर्षं. नळी लावतो, माणसाच्या तोंडाकडे बघतो, रंग बघतो, श्वास मोजतो आणि अंदाजानं सांगतो. बहुतेक वेळा बरोबर येतं. जेव्हा आलं नसेल, ती माणसं कोणती? अलीकडे मी कबरस्तानावरून जायचं टाळतो.

का लपवलं विचारशील. बहिऱ्या डॉक्टराकडे कोण येईल? आणि दवाखाना गेला तर मी कोण? मेंढ्या मला कधी राखता आल्या नाहीत. मला वाटायचं, माझी लाज ती माझी, तिचा भार दुसऱ्या कोणावर कशाला पडेल.

नारिनला लिहून कळवलंय, माझ्या जागी दुसरं माणूस पाठवा.

मामा

—

बिश्केक, ८ नोव्हेंबर

मामा,

कोक-बेलच्या सहा मुलांना जागा मिळाली. उरलेल्या तेरांची नावं पुढच्या वर्षीच्या यादीत सगळ्यांत वर आहेत, मी स्वतः लिहिलीत. परवा सेझिमच्या डाव्या कानाला पडदा बसवला. पट्टी निघेल तेव्हा खरं कळेल, पण डॉक्टरीणबाई खूश दिसल्या. कुलुयपा तिच्या खाटेपाशी जमिनीवर बसून असते. खुर्ची दिली तर घेत नाही.

मी सरांसमोर आणि सगळ्या विभागासमोर सांगितलं की कोक-बेलचे आकडे खोटे आहेत, आणि मला ते बोलायच्या आधीपासून संशय होता. सर म्हणाले, "संशय होता हे सांगायची काय गरज होती? मामांची चूक म्हटलं असतं तरी भागलं असतं." मी म्हणाले, नसतं भागलं. विभागातली कायम जागा दुसऱ्या मुलीला गेली. अल्माटीलाही लिहिलं. तिथून त्या म्हाताऱ्या बाईंचं एका ओळीचं उत्तर आलं, "आता तू संशोधनाला सुरुवात केलीस." वाचून मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. सेझिमचा उजवा कान डोक्याला गुंडाळलेल्या पट्टीखाली झाकलेला असतो, तरी मला तिकडे बघवत नाही.

सेझिम आणि तिची आई महिनाअखेरीस गावी परत येतील. तुम्ही त्यांच्याकडे जाल ना? मी तिच्या आईची इथं माफी मागितली. ती म्हणाली, "तू कोण? तुला तर मी ओळखतही नाही."

बेगायिम

—

कोक-बेल, ७ डिसेंबर

बेगायिम,

गेलो होतो कुबातकडे. एकटाच गेलो. मामी येते म्हणत होती, पण तिच्यामागं लपून पुष्कळ वर्षं काढली.

कुलुयपानं दार उघडलं. आत घेतलं, बसायला जाजम अंथरलं, पाव ठेवला. रीत सोडली नाही तिनं. मी बोलायला लागलो. वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं, ते एकही वाक्य आलं नाही. नुसतं म्हणालो, "फटके दे असं मी सांगितलं होतं." ती माझ्याकडे न बघता चहा ओतत होती. पेला काठोकाठ भरला, वर थेंब मावेना एवढा, आणि माझ्यापुढे ठेवला. तुला काय सांगायचं, पाहुण्याला आपण अर्धा पेला देतो, पुन्हा पुन्हा ओतता यावा म्हणून. काठोकाठ म्हणजे पी आणि नीघ. चौतीस वर्षांत या गावात कोणत्याही घरात मला भरलेला पेला कोणी दिला नव्हता. मी तो प्यालो. तोंड भाजलं. पेला खाली ठेवून उठलो.

बूट घालताना सेझिम दारात आली. केस एका बाजूनं कापलेले, त्यावर आईची शाल. काहीतरी बोलली. एरवी मी अशा वेळी हसतो, मान हलवतो, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवतो आणि पुढे जातो. मान हलायला लागलीही होती. मग मी खाली बसलो, तिच्या डाव्या बाजूला, आणि जोरात म्हणालो, "मला ऐकू येत नाही, बाळ. पुन्हा सांग."

 तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं आणि ओरडून विचारलं, "मग तुम्हाला कोण मारतं?"

एवढं मात्र मला स्पष्ट ऐकू आलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, बेगायिम. चेहऱ्यावर राग नव्हता. 

तुझा मामा
एसेनकुल